माळकरी कुत्र्याची काळी शी

सगळी मोठी सत्यं माणसाला पहाटेच गवसतात, असं ज्ञानी लोक सांगत आले आहेत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असल्या वाक्यांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघतो. पण या एका बाबतीत ज्ञानी लोकांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. मलाही एक मोठं सत्य पहाटेच दिसलं. ते आमच्या तुळशीवृंदावनाच्या मागे मातीवर पडलेलं होतं. डांबरासारखं काळं आणि डांबरासारखंच चिकट. वास असा, की मी नाकाला उपरण्याचं टोक लावून दोन पावलं मागे सरलो.

ती कुत्र्याची शी होती.

कुत्रा माझ्या थोरल्या भावाचा. त्यांना मीही अण्णा म्हणतो आणि गावही अण्णा म्हणतं. धारूरच्या डोंगरकडेला आमचं गाव, त्यात आम्हा दोघा भावांचं एकच अंगण. अण्णा माळकरी. वहिनी गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी हे तांबूस पिल्लू पदरात घालून आणलं होतं. त्या गेल्यावर घरात अण्णा आणि कुत्रा असे दोघेच उरले. अण्णांनी त्याला आपल्या ताटातली भाकरी घातली, एकादशीला भगर घातली आणि एके दिवशी त्याच्या गळ्यात तुळशीची बारीक माळ घातली. तेव्हापासून गाव त्याला माळकरी म्हणू लागलं.

माळकरी कुत्र्याची कीर्ती भराभर वाढली. शेजारच्या गावचे लोक त्याला बघायला येत. तो लोकांकडे अशा थंड नजरेने बघायचा, की काही म्हाताऱ्या त्याच्या पाया पडायच्या. आमच्या सप्ताहात एका कीर्तनकाराने भर कीर्तनात त्याचा दाखला दिला. मुक्या जनावराला जे कळलं ते तुम्हाला कळत नाही, असं ते माइकवरून म्हणाले आणि सगळ्या मंडपाने माना खाली घातल्या. दाखल्यातला कुत्रा त्या वेळी मंडपाच्या मागे आचाऱ्याकडे टक लावून बसला होता.

अण्णांकडे या सात्त्विकतेचा पुरावाही होता. अधूनमधून त्या कुत्र्याची शी पांढरी, कोरडी, भस्मासारखी असायची. काडीने डिवचली की भुगा व्हायचा. अण्णा ती पाहुण्यांना लांबून दाखवायचे. "बघा," म्हणायचे, "अन्न शुद्ध असलं की असं असतंय." पाहुणे गंभीर चेहऱ्याने बघायचे. एका जिल्हा परिषदेच्या माजी सदस्याने तर हात जोडल्याचं मला आठवतं.

त्यामुळे त्या पहाटे काळी शी बघून अण्णांचा चेहरा पडला, तो नुसता काळजीने पडला नव्हता. जरा लाजही होती. त्यांनी कुत्र्याला जवळ घेतलं, पोटावर हात फिरवला. कुत्र्याने शेपूट हलवली आणि जांभई दिली.

"बाधा झाली का रं ह्याला?" अण्णा म्हणाले.

"दाखवून आणू," मी म्हणालो.

जनावरांचे डॉक्टर घाटाखाली तेलगावला बसतात. नमुना न्यावा हे मला सुचलं, पण न्यायचा कशात, हा प्रश्न होता. घरात पेढ्यांचा एक रिकामा खोका होता. त्यात प्लास्टिकची पिशवी अंथरली, काडीने थोडं सत्य उचललं आणि झाकण लावून दोरा बांधला. जीपमध्ये कुत्रा अण्णांच्या मांडीवर, खोका माझ्या. चढणारा प्रत्येक जण आधी खोक्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसायचा.

"मास्तर, कशाचे पेढे म्हणायचे?" एकाने विचारलंच.

"अजून निकाल लागायचाय," मी म्हणालो.

डॉक्टर एका शेळीच्या खुराशी झटत होते. ते संपवून त्यांनी हात धुतले, खोका उघडला आणि तोंड वाकडं न करता बराच वेळ आत बघितलं. एखाद्या गोष्टीकडे माणूस इतकं लक्षपूर्वक बघतोय, हे मी आमच्या भागात फार वर्षांनी पाहत होतो. मग त्यांनी कुत्र्याचा वरचा ओठ उचलला आणि हिरडीवर अंगठा दाबून सोडला. दाबल्या जागी पांढरा ठसा उमटला आणि लगेच गुलाबी झाला.

"रंग परत येतोय. आत्ता तरी बरंय," ते म्हणाले. "शेंबडासारखं काही पडतं का? जोर करावा लागतो का ह्याला? तांदळाचे दाणे दिसलेत कधी, हलणारे?"

नाही, नाही, नाही, असं आम्ही सांगत गेलो. प्रत्येक प्रश्नाबरोबर ते त्या कुत्र्याच्या आतल्या एकेका खोलीचं दार ढकलून बघत आहेत, असं मला वाटलं. शेंबूड म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. दाणे म्हणजे चपट्या जंताचे तुकडे. राखाडी, तेलकट असती तर त्यांनी पित्ताकडे आणि स्वादुपिंडाकडे बघितलं असतं. आणि लाल?

"लाल, ताजं रक्त असतं तर ते शेवटाजवळचं असतं," डॉक्टर म्हणाले. "हे काळं आहे. म्हणजे रक्त वरून निघालंय, पोटातून नाहीतर लहान आतड्यातून, आणि पचत पचत खाली आलंय. रक्त पचलं की असंच दिसतं."

रंगावरून अंतर कळतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. शिलालेख, सनदा, बखरी असं बरंच काही मी आयुष्यात चाळलं आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी कुणाला तरी खूश करायला लिहिलेल्या होत्या. किल्ल्यावर गेलात तर प्रत्येक बुरुजामागे एक बढाई ऐकायला मिळते. पण या पेढ्याच्या खोक्यातला मजकूर कुणालाही खूश करायला लिहिलेला नव्हता. तो आतल्या अंधारात एका जागी सुरू झाला होता आणि आपण कुठून आलो हे स्वतःच्या रंगाने सांगत होता. त्या क्षणी त्या खोक्याला नमस्कार करावा असं मला खरंच वाटलं. मी केला नाही, कारण आमच्या गावात माझं नाव नास्तिक म्हणून झालेलं आहे.

"काही गोळी वगैरे दिलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णा जरा घुटमळले. मग म्हणाले, "बोराटीचा काटा मोडला होता पायात. लंगडत होता. माझी गुडघ्याची गोळी असती, ती दिली. गुळात घालून. रोज एक."

डॉक्टरांनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"अण्णा, माणसाची दुखीची गोळी कुत्र्याला द्यायची नसते. ती त्याच्या पोटात जखम करते. कधी कधी भोकच पाडते."

अण्णांनी कुत्र्याच्या कानामागे बोटं घातली आणि ती तशीच राहिली.

"पण दुसरंही एक कारण असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "ह्यानं कुठं रक्त, कलेजी असलं भरपूर खाल्लं का? बाहेरून खाल्लेलं रक्त पचलं तरी शी अशीच काळी येते. तसं असंल तर घाबरायचं काही नाही."

"छ्या!" अण्णांची मान वर झाली. "माळ हाय त्याच्या गळ्यात."

"गळ्यात हाय, ते दिसतंय. मी पोटाचं विचारतोय."

"डॉक्टर, तुमाला म्हाईत न्हाई. लई सात्त्विक जनावर हाय. त्याची शी कशी असती ठावं हाय का? पांढरी. भस्मासारखी. भुगा होतो."

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेतलं मला आधी कळलं.

"अण्णा," ते सावकाश म्हणाले, "खडूसारखी पांढरी शी हाडं खाल्ल्यावर येते. त्यातला चुना असतो तो."

बाहेर शेळी ओरडली. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघत होतो. माजी सदस्यांचे जोडलेले हात मला त्या छतावर स्पष्ट दिसत होते.

डॉक्टरांनी कुत्र्याला पोटासाठी एक इंजेक्शन दिलं आणि गोळी कायमची बंद करायला सांगितली. "आता नीट ऐका," ते म्हणाले. "खाल्लं असंल तर घरी राहू द्या, एक-दोन दिवसांत रंग उतरंल. नसंल खाल्लं तर हे रक्त त्याचं स्वतःचं आहे. मग मला आजच त्याला इथं ठेवून सलाईन लावावी लागंल, आणि वाचंलच असं मी म्हणणार नाही. गावात नीट चौकशी करा आणि मला फोन करा. हिरड्या बघत राहा. पांढऱ्या दिसायला लागल्या तर चौकशी सोडा आणि सरळ निघून या."

परतीच्या जीपमध्ये कुणी पेढ्यांची चौकशी केली नाही. अण्णा प्रत्येक वळणावर कुत्र्याचा ओठ उचलून अंगठा दाबायचे. घाट निम्मा चढल्यावर ते बोलले.

"तू परवा कंदुरीला गेलतास ना?"

कंदुरी म्हणजे दर्ग्याला बोललेला नवस फेडायचं जेवण. आमच्या शेजारी शेळ्यामेंढ्या राखणारं एक कुटुंब आहे. त्यातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि सगळी धडधाकट परत आली की डोंगरावरच्या दर्ग्यावर बोकड देतात. मुलाणी येऊन कापतो, फातिहा होतो आणि मग सगळं गाव पंगतीला बसतं. रक्त दर्ग्यावरच्या जेवणात चालत नाही. ते हे लोक घमेल्यात धरून घरी नेतात आणि चुलीवर त्याची रक्ती करतात. मी दरवर्षी जेवायला जातो. अण्णा जात नाहीत, पण मुलाण्यालासुद्धा रामराम घालतात.

"गेलतो," मी म्हणालो.

"दिसला का तुला हा तिथं?"

"न्हाई."

"नीट आठव की जरा," अण्णा म्हणाले.

त्यांच्या आवाजात आशा होती. ज्या गोष्टीचा नुसता संशय घेतला असता तर कालपर्यंत त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं, तीच गोष्ट खरी निघावी म्हणून ते आता माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा आठवलं. मला नळ्या आठवल्या, रस्सा आठवला, कुत्रा आठवला नाही.

जीपमधून उतरून आम्ही घरी न जाता सरळ शेजाऱ्याकडे गेलो. तो दारात दावं वळत बसला होता. त्याची म्हातारी आई आत चुलीपाशी होती, बायको शेळीला पाला घालत होती. अण्णा कुत्र्याला दोरीने धरून पुढे झाले.

"खरं सांग," ते म्हणाले. "तुमच्या कंदुरीला ह्यानं काय खाल्लं?"

शेजारी ताडकन उभा राहिला. "कोण म्हणलं? अण्णा, काय बोलता! आमच्या दारावरनं जाताना मान खाली घालून जातंय ते."

"न्हाई हो अण्णा," त्याची बायको म्हणाली, "आमी काय येडे हाव का माळकरी जितराबाला बाटवायला?"

गल्लीतून जाणारा एक जण थांबला. कामाचं नसलं तरी थांबायचं, हा आमच्या गावचा नेम आहे. "कशापायी विचारता, अण्णा?" तो म्हणाला. "म्या सोता बघितलं की. दर्ग्यावर ह्याच्या म्होरं नळी टाकली एकानं. हुंगलं आन तोंड फिरवलं. म्या म्हणलं, बघा, माणसाला जमत न्हाई ते."

एरवी या साक्षीने अण्णांची छाती फुगली असती. आता ते प्रत्येक वाक्यागणिक खाली खाली बसत गेले आणि शेवटी खरोखरच ओट्यावर बसले. समोरचे तिघेही मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, अण्णा कुत्र्यावरचा आळ धुऊन घ्यायला आलेत, आणि ते जमेल तेवढा धूत होते. इतक्या आदराने एखाद्याला मरणाच्या दारात ढकलताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. इतिहासात वाचलं होतं.

मी मध्ये बोलायला गेलो, तेवढ्यात अण्णांनी कुत्र्याचा ओठ उचलला. अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग डोळे मिटून, समोर माणसं उभी आहेत हे विसरून, हात जोडले.

"पांडुरंगा," ते म्हणाले, "खाल्लेलं असू दे रे त्यानं. पोटभर खाल्लेलं असू दे."

अण्णांच्या तोंडून मी खूप अभंग ऐकले आहेत, खूप प्रार्थना ऐकल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रार्थना पाठ असलेल्या होत्या. ही पाठ नव्हती. चाळीसेक वर्षं जपलेला नेम एका बाजूला आणि एक तांबूस कुत्रा दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी डोळे मिटून कुत्रा उचलला होता. मला देवाबद्दल फारसं काही कळत नाही. पण तिथे देव असलाच, तर त्याने त्या वेळी कानातलं सगळं काढून नीट ऐकलं असणार.

चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज आला. म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात पोतेरं होतं आणि तिने ते आपल्या लेकाकडे रोखलं.

"काय झालं हाय त्यास्नी, ते तरी इचारशील का न्हाई, मुडद्या?"

मी सांगितलं. काळी शी, गोळी, डॉक्टर, दोन कारणं. त्यातल्या एका कारणाने कुत्रा जगतो, एका कारणाने बहुधा मरतो, असं स्पष्टच सांगितलं. गल्लीतला गृहस्थ नळीकडे बघावं तसा जमिनीकडे बघू लागला.

म्हातारी अण्णांच्या शेजारी ओट्यावर बसली.

"अण्णा, वाईट वाटून घिऊ नगा," ती म्हणाली. "रक्ताचं घमेलं मागच्या दारी ठिवलं होतं. म्या मीठ आणाया आत गेले. यिऊन बघते तर ह्यानं घमेलं चाटून पुसून ठिवलेलं. घासायचं काम न्हाई पडलं मला. वर कलेजीचा तुकडा नेला, त्यो येगळाच."

"समदं?" अण्णांनी विचारलं.

"समदं. आमाला रक्ती न्हाई मिळाली औंदा."

"खरं बोलतीस?"

"आता ह्या वयात तुमाशी लबाड बोलू? आन हे काय औंदाचं न्हाई. दर कंदुरीला येतंय त्ये. ह्याचा वाटा आमी काढूनच ठिवतो. एरवी बी हाडूक-बिडूक असंल तर मागच्या दारी असतंय हे. तुमाला कशाला सांगायचं म्हणून..."

"नळीचं काय?" मी गल्लीतल्या गृहस्थाला विचारलं.

"नळी टाकली ते खरं हाय, मास्तर," तो म्हणाला. "तोंड फिरवलं ते बी खरं हाय. नळी घिऊन फिरवलं."

अण्णा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते उपरण्याने पुसत ते कुत्र्याच्या पाठीवर थापा मारत राहिले. "लबाडा," म्हणाले, "चोरा, घमेलं खाल्लंस का रं माझ्या राजा?" कुत्रा मागच्या दाराकडे बघत होता. त्याला ती जागा ओळखीची होती, हे आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मग राहू द्या घरी, पण रोज सकाळी शीचा फोटो पाठवा, मला रंग उतरलेला बघायचाय. तेव्हापासून माझ्या मोबाईलमध्ये पुतणीच्या लग्नाच्या फोटोंमध्ये ते फोटोही आहेत. पहिल्यात डांबर. दुसऱ्यात काळपट चॉकलेटी, कडेला तांबूस. तिसऱ्यात ज्वारीच्या भाकरीचा रंग आणि नीट घडण. मी ते एकापुढे एक सरकवून बघतो. सूर्योदयाचे फोटो लोक इतक्या कौतुकाने का काढतात, ते मला तेव्हा कळलं. काळोखातून रंग वर येतो आणि त्यात कुणाचंही कर्तृत्व नसतं.

भाकरीच्या रंगाची ती शी अण्णांनी मला हाक मारून दाखवली. पाहुण्यांना दाखवायचं मात्र त्यांनी त्यानंतर सोडून दिलं. डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि वर ताकीद दिली की शिजवलेलं हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुततं, ते कधीही घालू नका. गुडघ्याच्या गोळ्या अण्णांनी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवल्या.

पुढच्या वर्षी ऊसतोडीहून माणसं परत आली आणि कंदुरी ठरली. त्या दिवशी अण्णांनी आंघोळ केली, पूजा केली, मग कुत्र्याला जवळ बोलावून त्याच्या गळ्यातली माळ काढली आणि देवघरातल्या खुंटीला अडकवली. त्याला दोरीने धरून ते शेजाऱ्याच्या मागच्या दाराशी गेले. मीही मागोमाग गेलो.

"मावशी," अण्णांनी म्हातारीला हाक मारली, "हाडूक घालू नगा, डॉक्टर न्हाई म्हणलेत. रक्ताचं चालंल."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते पाठ करून, गावाबाहेरच्या जानुबुवाच्या माळरानाकडे तोंड करून उभे राहिले. मागे चाटण्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो थांबल्यावर त्यांनी कुत्र्याला घरी आणलं, तोंड पाण्याने धुतलं आणि माळ पुन्हा गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वृंदावनामागची शी डांबरासारखी काळी होती. आम्ही ती बघितली आणि चहा प्यायला बसलो.